गाळलेला चहा आणि गाळलेल्या जागा

मराठीत ‘गाळणे’ या क्रियापदाला दोन नोकऱ्या आहेत. स्वयंपाकघरात ते चहा गाळते आणि प्रश्नपत्रिकेत जागा. जपानी हिरवा चहा ऑनलाइन विकणाऱ्या दुकानांमुळे ही दोन्ही कामे आता एकाच टेबलावर आली आहेत. अशा दुकानाचे कुठलेही पान उघडावे. वर धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर असतो, त्याच्या अंगावर कंगव्याने भांग पाडल्यासारख्या हिरव्या रांगा असतात, खाली कापडी टोपी घातलेला, कॅमेऱ्याकडे मुद्दाम न पाहणारा शेतकरी असतो आणि त्याची ही पाचवी पिढी असते. (या धंद्यात पहिली पिढी कधीच दिसत नाही. ती बहुधा पाचवीची वाट पाहत बसलेली असते.) मग मजकूर सुरू होतो. पहाटेचे दव, डोंगरातले झरे, आजोबांचा हात, रेशमी घोट, आणि ‘उमामी’ हा शब्द इतक्या वेळा की तो चहात चमच्याने घालायचा पदार्थ असावा असे वाटू लागते. तीनशे शब्द वाचून संपले की ध्यानात येते, हा चहा कोणत्या महिन्यात खुडला हे कुठेच आलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दुकानाची पारख त्याने लिहिलेल्या मजकुरावरून करण्यात वेळ दवडू नये. गाळलेल्या जागा मोजाव्यात.

चहा ही नाकाने घ्यायची वस्तू आहे, आणि नाक अजून पार्सलने पाठवता येत नाही. मराठी गिऱ्हाईक बाजारात उभे राहिले की ती एक चालतीबोलती प्रयोगशाळा असते. हापूस देठाकडून हुंगायचा, भेंडीचे टोक मोडायचे, तांदळाचा दाणा दाताखाली धरायचा, नारळ कानाशी हलवायचा, आणि एवढे करून झाल्यावर ‘काल तर वीसला दिलात’ म्हणायचे. पडद्यासमोर यातले एकही हत्यार चालत नाही. उरतो तो मजकूर, म्हणजे हा व्यवहार मंडईपेक्षा लग्नाच्या बायोडेटाच्या जास्त जवळचा. नाव, मूळ गाव, कुळ, रंग, उंची (ही समुद्रसपाटीपासून), घराण्याची परंपरा आणि स्टुडिओत काढलेला फोटो. बायोडेटा वाचायची विद्या आपल्या घरांत मुबलक आहे. ‘मनमिळाऊ’ म्हणजे काय, ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हणजे काय, आणि जन्मतारखेच्या रकान्यात नुसते ‘मकर रास’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ काय, हे कुठल्याही मावशीला समजावून सांगावे लागत नाही. तीच विद्या चहाला लावायची. फरक इतकाच की इथे कांदेपोहे लग्नानंतर मिळतात.

सगळ्यांत फसवा रकाना रंगाचा. हिरवा चहा जितका हिरवा तितका अस्सल अशी गिऱ्हाइकाची समजूत असते, म्हणून फोटोतला पेला पोपटी रंगात न्हाऊन निघालेला असतो. जपानी चहाचे हिरवेपण वाफेतून येते. खुडलेले पान लगोलग वाफवले की त्याचे काळे पडणे थांबते. वाफवलेले पान तापलेल्या ओट्यावर हाताने मळत मळत वाळवायची रीत उजीजवळच्या डोंगरातल्या नागातानी सोएनने १७३८ साली बसवली, असे मानतात. हाच आजचा सेन्चा. पान थोडाच वेळ वाफवले तर पेल्यात नितळ, पिवळसर पाणी उतरते. दुप्पट-तिप्पट वेळ वाफवले, ज्याला फुकामुशी म्हणतात, तर पान चुरते आणि पेला गडद हिरवा, किंचित गढूळ होतो. म्हणजे गडद रंग वाफेचा हिशोब सांगतो, चवीचा नाही. डोंगराळ भागातला उत्तम सेन्चा पिवळसर असू शकतो, आणि फोटोत तो बिचारा कशासारखा दिसतो हे चहाच्या लेखात न लिहिलेले बरे. ज्या पानावर ‘किती वाफवला’ हे एका शब्दात सांगितले आहे, त्या दुकानदाराने फोटोवरचा निम्मा भार हलका केला. ज्याने तो शब्द गाळून फोटो मोठा केला, त्याला रंगच विकायचा आहे.

रंगावर भाळणारे दूरदेशीचे गिऱ्हाईक ही काही इंटरनेटची देणगी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी हिरवा चहा बोटी भरभरून अमेरिकेला जात असे, आणि तिकडची मंडळी त्यात दूध-साखर घालून तो पीत. (हे वाचून ज्या मराठी वाचकाला बरे वाटले, त्याने लाजू नये.) तेव्हाही चहा दूर, दुकान दूर आणि भरवसा डोळ्यांवर. मग योकोहामाच्या गोदामांत चहा पुन्हा भाजताना त्यात प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग आणि जिप्समची पूड टाकून त्याला तुकतुकी आणली जाई. १८८३ मध्ये अमेरिकेने भेसळीच्या चहाविरुद्ध कायदा केला, १८९७ मध्ये चहाचे नमुने चाखून दर्जा ठरवणारे सरकारी मंडळ नेमले आणि १९११ मध्ये रंगवलेल्या चहाला बंदी घातली. ते चाखणारे मंडळ १९९६ पर्यंत टिकले, सरकारी मंडळे टिकतात तसे. आज रंग चहात घालत नाहीत, फोटोत घालतात, आणि त्याच्या तपासणीला कुठलेच मंडळ नाही.

मूळ गावाच्या रकान्याकडे आपण जाणकाराच्या नजरेने पाहू शकतो, कारण देवगडच्या पेटीतून कर्नाटकचा आंबा निघण्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. क्योतोजवळचे उजी म्हणजे चहाच्या जगातले देवगड. गंमत अशी की उजीत हे काम चोरून करावे लागत नाही. क्योतोच्या चहा व्यापाऱ्यांच्या संस्थेने २००४ साली केलेली व्याख्या सांगते की क्योतो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांत पिकलेला आणि क्योतोतल्या व्यापाऱ्याने क्योतोतच अखेरची प्रक्रिया केलेला चहा उजीचा म्हणवून घेऊ शकतो. क्योतोच्या मालाला अग्रक्रम द्यावा, एवढी तंबी मात्र आहे. यात बेइमानी आहे असे मी म्हणत नाही. रेशीम बंगळुरूकडून आले तरी येवल्यात विणलेली पैठणी येवल्याचीच असते, आणि चहाचे मूळ गाव ते पिकण्याचे की पाखडून, भाजून, मिसळून तयार होण्याचे, हा प्रश्न खरोखर वादाचा आहे. पण नुसते ‘उजी’ लिहून पुढच्या डोंगराकडे वळणारे दुकान वेगळे आणि ‘वाझुका गाव, क्योतो प्रांत’ असे लिहून थांबणारे वेगळे. दक्षिणेच्या कागोशिमाचे पाहा. तिथला चहा वर्षानुवर्षे शिझुओकाच्या व्यापाऱ्यांच्या मिश्रणात निनावी मिसळून गेला, आणि २०२४ साली त्याच कागोशिमाने कच्च्या चहाच्या उत्पादनात शिझुओकाला प्रथमच मागे टाकले. पाकिटावर कागोशिमा लिहिले असेल तर ते बहुधा खरेच असते. खोटेच बोलायचे तर माणूस उजी म्हणेल.

कुळाचा, म्हणजे वाणाचा रकाना हल्ली फार दिमाखाने भरला जातो, आणि इथे मात्र भरलेली जागाही जपून वाचावी लागते. ‘अस्सल याबुकिता’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले दिसले की गिऱ्हाईक दबते. आता याबुकिता म्हणजे काय? शिझुओकातल्या सुगियामा हिकोसाबुरो नावाच्या शेतकऱ्याने बांबूचे बन साफ करून तिथे चहा लावला आणि १९०८ मध्ये त्यातली दोन झाडे निवडली. एक बनाच्या उत्तरेचे, एक दक्षिणेचे. उत्तरेच्या झाडाचे नाव पडले याबुकिता, म्हणजे शब्दशः ‘बनाची उत्तर’, दक्षिणेचे याबुमिनामी. इतका रोखठोक नामकरणविधी चहाच्या जगात पुन्हा झाला नाही. १९५३ मध्ये या वाणाची सरकारी नोंद झाली आणि पुढे जपानच्या चहाखालच्या जमिनीचा जवळजवळ पाऊण हिस्सा त्या एका झाडाच्या कलमांनी व्यापला. आजही पहिला नंबर त्याचाच. म्हणजे ‘आमचा चहा याबुकिता आहे’ हे ‘आमचा मुलगा डोळ्यांनी पाहतो’ याच्या तोडीचे विधान आहे, आणि सगोत्र टाळायचे ठरवले तर जपानी चहात लग्नेच व्हायची नाहीत. उलट साएमिदोरी, ओकुमिदोरी, गोको अशी नावे काही तरी सांगतात: पान लवकर फुटणारे की उशिरा, चव गोडीकडे झुकणारी की कडवटाकडे. आणि बेनिफूकी दिसला तर आपुलकीने थांबावे. पूर्वी सामुराई असलेल्या तादा मोतोकिची नावाच्या गृहस्थाला जपान सरकारने १८७६ मध्ये हिंदुस्थानात चहा शिकायला पाठवले. त्याने आणलेल्या बियांच्या वंशातली एक बाजू आणि दार्जिलिंगकडची दुसरी, अशा संकरातून हा वाण आला. परागकणांच्या शिंकांवर उपाय म्हणून तो जपानात विकला जातो. दोन्ही आजोळे इकडचीच, आणि आपण त्याच्यावर परदेशी म्हणून दामदुप्पट भरतो.

पण या सगळ्या रकान्यांना मागे सारणारी जागा तारखेची आहे. चहाचे झाड हिवाळाभर मुळांत थेआनिन नावाचे द्रव्य साठवते. वसंतात ते कोवळ्या पानांत चढते आणि तीच ती बहुचर्चित उमामी. पानावर ऊन पडत गेले की त्याचे रूपांतर तुरट कॅटेचिनांत होऊ लागते. म्हणून ग्योकुरो नावाच्या चहाच्या झाडांवर खुडण्याआधी सुमारे वीस दिवस मांडव घालतात, आणि म्हणूनच पहिल्या खुडणीचा चहा गोडसर, उन्हाळ्यातल्या दुसऱ्या खुडणीचा राकट. जपानी पंचांगात वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीला, म्हणजे २ मेच्या आसपास, खुडलेला चहा आरोग्याला शुभ मानतात. ज्या देशात खुडणीचा मुहूर्त रात्री मोजून काढतात, तिथल्या चहाच्या पानावर महिना गाळलेला असतो, यावर विश्वास बसत नाही. पण कायदा महिना मागत नाही. जपानी पाकिटाच्या पाठीवर एक चौकट असते. तिच्यात मालाचे नाव, कच्चा माल, त्याचे उगमस्थान, वजन, कधीपर्यंत वापरावा, कसा ठेवावा आणि कुणी बनवला, एवढे द्यावे लागते. कधी खुडला हे द्यावे लागत नाही. ‘कधीपर्यंत वापरावा’ ही तारीख पाकीट भरल्यापासून मोजलेली असू शकते, आणि पाकीट भरण्याआधी चहा शीतगोदामात किती महिने निजला होता हे चहालाच ठाऊक. तेव्हा जो दुकानदार आपण होऊन ‘पहिली खुडणी, एप्रिलअखेर, अमुक साल’ असे लिहितो, तो कायद्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे. आणि जो पाकिटाच्या पाठीमागच्या त्या रुक्ष चौकटीचा फोटो टाकतो, त्याला माझ्या मते धुक्यातला डोंगर माफ करावा.

यावर जाणकार हसतील. ताजेपणाचे हे वेड अर्धवटांचे आहे, असे म्हणतील, आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. माच्चाची पूड ज्यापासून दळतात त्या तेन्चाची पाने वसंतात बरणीत भरून तोंड मोहोरबंद करावे, उन्हाळाभर मुरू द्यावे आणि नोव्हेंबरात समारंभाने बरणी फोडावी, ही चहाविधीची जुनी रीत आहे. ग्योकुरोही मुरून गोल होतो असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मान्य. पण मुरलेल्या लोणच्याची किंमत ते कधी घातले हे माहीत असल्यामुळेच असते. तारीख नसलेली जुनी वस्तू मुरलेली की विटलेली, हे बरणी फोडल्याशिवाय कळत नाही, आणि ऑनलाइन बरणी पैसे भरल्यावरच फुटते. हा आक्षेप तारखेच्या विरोधात जात नाही. ग्योकुरोला तारखा दोन लागतात, खुडल्याची आणि बरणीतून काढल्याची, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याहून अवघड आक्षेप जुन्या पेढ्यांचा. क्योतोतले इप्पोदो १७१७ पासून चहा विकते आहे. अशा घरांच्या डब्यांवर वाण नाही, मळा नाही, शेतकऱ्याची टोपीसुद्धा नाही. नाव तेवढे असते, उम्मोन-नो-मुकाशी किंवा कान-नो-शिरो. ‘मुकाशी’ म्हणजे फार पूर्वी, ‘शिरो’ म्हणजे पांढरा. हिरव्या पुडीला ‘पांढरा’ म्हणणे हा गाळलेल्या जागांचा कळसच. मग माझ्या मोजमापाने ही घरे नापास व्हायला हवीत. होत नाहीत. ती नावे कवितेसाठी ठेवलेली नाहीत, त्यांना शिस्त आहे: परंपरेने ‘मुकाशी’ दाट घोटायच्या माच्चाला आणि ‘शिरो’ पातळ घुसळायच्या माच्चाला. शिवाय या घरांचे खरे कसब मिसळण्याचे, जपानीत ज्याला गोगुमी म्हणतात. दहा मळ्यांच्या पानांतून दरवर्षी तीच चव काढायची, पाऊस कमी झाला तरी. आपल्याकडे पिढीजात मसालेवाल्याला ‘मिरची कुठल्या शेतातली’ असे कुणी विचारत नाही. यंदाचा कांदा-लसूण मसाला गेल्या वर्षीसारखा लागला की झाले. अशा पेढीने मळ्याचे नाव गाळले तर त्या जागी तीनशे वर्षांचे दुकान उभे असते, आणि चव बदलली तर शिव्या द्यायला पत्ता असतो. गेल्या वर्षी सुरू झालेल्या दुकानाने तीच जागा गाळली तर तिथे काहीच उभे नसते. एकाच मळ्याचा, एकाच वाणाचा, एकाच दिवसाचा चहा श्रेष्ठ असे जे नवे सोवळे आहे, त्याचा मी भक्त नाही. पण नव्या दुकानाला भरवसा कमवायला तेवढाच मार्ग मोकळा असतो, हे समजते.

मग गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांवर विसंबावे, असे कुणी सुचवील. तारे आहेत, संख्या आहे, लोकशाही आहे. अभिप्राय वाचून पाहावेत. एक तारा देणाऱ्याची तक्रार असते की चहा गवतासारखा लागला. दुसऱ्याला तो पालकाचे पाणी वाटला, तिसऱ्याला समुद्राचे शेवाळ. पाच तारे देणारेही नेमके हेच शब्द वापरतात, फक्त समाधानाने. गवती चहा वाढीव पैसे देऊन घेणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने पहिल्या तक्रारीवर फार विचार करू नये. पण मुद्दा असा की अभिप्राय देणाऱ्यानेही एक जागा गाळलेली असते: पाणी किती तापवले होते. ग्योकुरोला पन्नास-साठ अंश, सेन्चाला सत्तर-ऐंशी. उकळते पाणी ओतले की कॅटेचिने भसाभस उतरतात आणि हजारो रुपयांचा चहा कडुनिंबाशी नाते सांगू लागतो. मराठी स्वयंपाकघरात चहा ही उकळायची वस्तू आहे, त्यामुळे इथला एक तारा आणि क्योतोचे पाच तारे एकाच पाकिटाचे असू शकतात. तसे पाणी निववायचे भौतिकशास्त्र आपल्याला अवगत आहे. जपानी माणूस उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओततो, दर ओतणीला ते सुमारे दहा अंशांनी उतरते, आणि मग ते पानांवर घालतो. आपण बशी वापरतो. चुकते ते फक्त बशीचा क्रम.

आरोग्याच्या रकान्याबद्दल थोडक्यात, कारण तो रिकामा असलेले पान अद्याप कुठे नाही. चहा हे आयुष्य वाढवणारे औषध आहे असा ग्रंथ एइसाई या झेन भिक्षूने १२११ मध्ये लिहिला, आणि १२१४ मध्ये रात्रीच्या मद्यपानाने बेजार झालेल्या शोगुनाला चहाच्या पेल्यासोबत तो भेट दिला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच पहिला विक्रीमजकूर लिहून झाला आणि पहिले गिऱ्हाईकही योग्य क्षणी गाठले गेले. नंतरच्या लेखकांनी फक्त ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द घातला. रकाना सर्वत्र सारखाच भरलेला असल्याने निवडीच्या कामाचा नाही.

उरली किंमत. महाग ते चांगले, असा हिशोब करून मोकळे व्हावे असे अनेकांना वाटते, आणि माच्चाच्या बाबतीत या हिशोबाने लोकांना चांगलेच बुडवले आहे. डबीवर ‘समारंभी दर्जा’ असे छापलेले असते. या दर्जाची जपानात अधिकृत व्याख्याच नाही. बाहेरच्या बाजारासाठी घडवलेला तो किताब आहे, आपल्याकडच्या ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ बनियनसारखा, फक्त उलट्या दिशेने जाणारा. त्यापेक्षा साधे अंकगणित बरे. दगडी जाते तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम माच्चा दळते. म्हणजे किलोला पंचवीस तास. ‘दगडी जात्यावरचा समारंभी माच्चा’ किलोच्या पिशवीत चणाडाळीच्या पिठाच्या भावाने मिळत असेल, तर ते जाते कोण फिरवते आहे हा प्रश्न मानवी हक्कांचा आहे. बहुधा मात्र ते जातेच नसते. २०२४ च्या शरद ऋतूत मागणी इतकी वाढली की क्योतोच्या नामांकित पेढ्यांनी माच्चाच्या डब्यांवर माणशी मर्यादा घातली, आणि पुढच्या वसंतात लिलावात तेन्चाचे भाव आदल्या वर्षाच्या दुपटीपलीकडे गेले. अशा वेळी ज्याच्याकडे माल अथांग आहे आणि सवलतही चालू आहे, त्याने कच्च्या मालाची जागा कशी भरली असेल, हे ओळखायला मोहोरबंद बरणी फोडावी लागत नाही.

महागाईच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे. सेन्चाची तीच पाने तीनदा पाणी झेलतात, म्हणून भाव पुडीला न पाहता पेल्याला पाहावा. पाच ग्रॅमच्या एका भरणीत दोघांचे प्रत्येकी तीन पेले निघतात, आणि मग आकडा बराच माणसाळतो. हे बरोबर आहे, आणि याच मुद्द्यावर मराठी गृहस्थाचा घात होतो, कारण स्वस्त पडते म्हटले की तो किलोने मागवतो. वर्षाचे गहू, वर्षाचे तिखट, वर्षाची साखर अशी बेगमी करणाऱ्या घराला पन्नास ग्रॅमची पुडी ही नमुन्याची वाटते. पण फोडलेला सेन्चा महिन्या-दीड महिन्यात मरगळतो, आणि हिंगाच्या डबीशेजारी ठेवला तर त्याच्याही आधी. पार्सलचा खर्च भरून निघावा म्हणून जास्त घेणे म्हणजे रिक्षाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून लग्नात तीनदा जेवणे. देशातल्याच विक्रेत्याकडून घ्यावा तर चहाच्या व्यापारी आयातीवर मूळ शुल्कच १०० टक्के; त्यामुळे माल महाग, महाग म्हणून खप मंद, आणि मंद खपाच्या मालाची तारीख गाळण्याचा मोह अधिक. तिथे पाकिटाच्या पाठीचा फोटो आधी मागावा. तो ‘पाठवतो’ म्हणून पाठवला नाही, तर उत्तर मिळाले.

हे सगळे ज्याला झंझटीचे वाटते त्याच्यासाठी होजिचा आहे. १९२० च्या दशकात क्योतोत जाडीभरडी पाने आणि काड्या भाजून तो विकू लागले. त्याचा रंग तपकिरी, त्यामुळे फोटोला खोटे बोलायचे कारण नाही. पान साधे, त्यामुळे वाणाचा डौल नाही. भाजलेले, त्यामुळे तारीख थोडी सरकली तरी चालते. आणि उकळते पाणी त्याला मानवते. गेनमाइचात तर भाजलेले तांदूळ असतात, मधूनच लाहीसुद्धा तरंगते. या चहांच्या पानांवर दुकानदार डोंगरही फारसा लावत नाहीत. इथे गाळण्यासारखे काही नसतेच, आणि किंमतही तसे सांगते. कुठल्याही नव्या दुकानाची पहिली मागणी होजिचाची असावी असे माझे मत आहे. साधी वस्तू नीट पाठवणाऱ्याकडे पुढच्या एप्रिलात सेन्चा मागता येतो.

एक जागा मात्र कोणतेही दुकान गाळत नाही, किमतीची. ती गाळणारा चहावाला अठराव्या शतकात क्योतोत होऊन गेला. मठ सोडलेला हा झेन भिक्षू साठीच्या आसपास चहा विकू लागला, आणि लोक त्याला बायसाओ, म्हणजे ‘चहा विकणारा म्हातारा’, एवढेच म्हणत. खांद्यावरच्या कावडीत किटली, शेगडी आणि पेले घेऊन तो ऋतूप्रमाणे जागा बदले: वसंतात फुलांपाशी, शरदात लाल पानांपाशी. पैशांसाठी बांबूची नळी ठेवलेली असे. काय द्यावे ते पिणाऱ्याने ठरवावे, फुकट प्यायलात तरी हरकत नाही, अशी त्याची पाटी होती. मळा, वाण, तारीख काही नाही, किंमतसुद्धा नाही; गिऱ्हाईक समोर बसून पेल्याचा वास घेत होते, त्यामुळे कुणाचे अडले नाही. १७५५ मध्ये, म्हातारपणी धंदा आवरताना, त्याने आपली बरीचशी भांडी स्वतःच्या हाताने जाळून टाकली. आपल्यामागे ती कुणाच्या तरी हाती पडतील आणि त्यांचे हाल होतील, अशी त्याला भीती होती. कुणाच्या हाती, हे त्याने सांगितले नाही; पण पाचव्या पिढीवर त्याचा संशय असावा.